सुदेशच्या कार्डावरची ओळ

वंदना रामटेके प्रत्येक पेशंटला त्याचं नाव दोनदा विचारायची. एकदा तो समोर येऊन बसला की, आणि एकदा उठून जाताना. कोणी वैतागून म्हणायचं, "आत्ताच तर सांगितलं ना बाई." मग ती मान वर न करता म्हणायची, "सांगतलं, हौ. पण मी बरोबर लिहिलं का नाही ते तुमाले कुठं दिसून राह्यलं? सांगा परत." पेशंट परत सांगायचा. ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट फिरवत अक्षर न अक्षर वाचायची, आणि मगच त्याला माझ्या खिडकीकडे सोडायची.

माझी खिडकी औषधांची. बालाघाटला एका ट्रस्टचा छोटा धर्मादाय दवाखाना होता, तिथे मी औषधं वाटायचो. माझ्या खिडकीतून तिचं टेबल सरळ दिसायचं. तिचं तोंड पडद्याकडे आणि पाठ भिंतीकडे. टेबलावर एक स्टीलची पाण्याची बाटली कायम भरलेली असायची. उन्हाळ्यात आमचे घसे कोरडे पडायचे तरी त्या बाटलीला ती स्वतः कधी तोंड लावायची नाही. मी एकदा हात पुढे केला तर तिने बाटली उचलून मांडीवर घेतली. "हे सुदेशचं हाय अनिलभाऊ. तुमी मडक्यातलं घ्या."

सुदेश तिचा धाकटा भाऊ. त्याला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार घरोघरी माहीत आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकून बसतात, आणि मग हाडं आतून कोणी ठेचावीत तशी दुखायला लागतात. आई आणि बाप दोघांच्या रक्तात तो दोष लपलेला असला तर एखाद्या लेकरात उघडा पडतो. वंदनाच्या रक्तात तो अर्धाच होता, तिला त्रास नव्हता. सुदेशच्या वाट्याला पूर्ण आला होता. त्याच्या शरीरातलं पाणी कमी झालं की दुखणं उठायचं, म्हणून ती बाटली. तो कॉलेजातून थेट दवाखान्यात यायचा, बाकावर टेकायचा आणि ती म्हणायची, "पे." तो दोन घोट घ्यायचा. "अजून पे." मग तो बाटली माइकसारखी तोंडापुढे धरून हिंदीत क्रिकेटची कॉमेंट्री सुरू करायचा, "और ये रामटेके मैडम की ख़तरनाक गेंद..." रांगेतले पेशंटसुद्धा हसायचे. वंदना हसायची नाही, बाटलीत किती पाणी उरलं ते बघायची.

तिचं गाव वारासिवनीच्या पुढे, धानाच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातशेतांमधलं. वडील लवकर गेले. आई गावातच राहायची. वंदना नागपूरला मामाकडे राहून बीएस्सी झाली, तिथेच एका खाजगी संस्थेत कॉम्प्युटर शिकली. नागपुरात नोकरी मिळत होती, ती सोडून इकडे आली, कारण सुदेशला दर महिन्याला दवाखाना लागायचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या डॉक्टरसाहेबांनी, ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले हिंदीभाषी गृहस्थ, मोठ्या हौसेने दोन कॉम्प्युटर आणले होते. एक त्यांच्या खोलीत, एक बाहेर नोंदणीच्या टेबलावर, दोन्ही एका वायरने जोडलेले. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड, म्हणजे एक फाइल. वंदना ऑपरेटर म्हणून लागली. सकाळी टेबलावर पुष्पामावशी बसायच्या, दुपारनंतर वंदना. दोघींच्या वेळा एकमेकींत मिसळायच्या.

पुष्पामावशी म्हणजे दवाखान्याच्या पहिल्या दिवसापासून असलेल्या विधवा बाई. कॉम्प्युटर त्यांच्या आयुष्यात उशिरा आला. इंग्रजी येत नव्हतं, पण त्या हिंमत करून शिकल्या. कोणतं बटण कुठे आहे एवढं त्यांनी जागेवरून पाठ केलं होतं.

वंदनाचा हट्टीपणा मी पहिल्यांदा बघितला तो तिच्या लग्नाच्या बोलणीच्या वेळी. तुमसरकडचा एक शिक्षक तिला बघायला आला होता. देखणा, शांत मुलगा. पाहुण्यांनी चहाचे कप हातात घेतले आणि वंदनाने सगळ्यांसमोर सांगितलं, "माह्या रक्तात सिकलचा दोष हाय. तुमचं रक्त तपासल्याबिगर मी हौ म्हणणार नाही." मुलाच्या काकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, आम्ही काय घोडा विकायला आणलाय काय? सगळे उठून गेले. पण तो मुलगा दुसऱ्या दिवशी एकटा दवाखान्यात आला आणि बाही वर करून बसला.

त्याच्याही रक्तात तो अर्धा दोष निघाला. लॅबवाल्याने चिठ्ठी वंदनाच्या हातात दिली. तिने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि त्याला मागच्या पडवीत नेलं. मी तिथे खोकी उतरवत होतो. तो म्हणाला, "पण सगळ्याच लेकरायले होत नाही ना? मी विचारलं डॉक्टरले. चौघांत एखाद्याले होते."

"हौ," ती म्हणाली. "आमच्या घरी त्या एखाद्याचं नाव सुदेश हाय. मी त्याले रोज पाह्यते."

जाताना तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "मले तुम्ही आवडल्या होत्या." त्या दिवशी तिने पेशंटांना नावं तीन-तीनदा विचारली.

कार्डांचा घोळ तिच्या लक्षात आला तो एका लहान मुलाच्या वजनावरून. तिने दुपारी लिहिलेलं वजन संध्याकाळी कार्डावर नव्हतं, जुनंच होतं. तिला आधी स्वतःचीच शंका आली. मग दुसऱ्या पेशंटच्या पत्त्याचं तसंच झालं. तिने दोन दिवस नुसतं निरीक्षण केलं आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांच्या खोलीत गेली. औषधांची यादी घेऊन मीही तिथेच उभा होतो.

तिने समजावून सांगितलं. एकच कार्ड आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही कॉम्प्युटरवर उघडलेलं असलं, तर जो शेवटी सेव्ह करेल त्याचंच राहतं. आधीच्याने लिहिलेलं पुसून जातं, आणि पुसलं हे कोणालाच कळत नाही. वर आपल्याकडे वीज जाण्याची कटकट. सेव्ह होत असताना वीज गेली तर अर्धं कार्ड लिहिलं जातं आणि अर्धं गायब.

"तो एक टाइम पे एक ही जगह खोलो," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"सर, गर्दीत याद नहीं रहता. प्रोग्राम को ही याद रखना चाहिए. मैं ठीक कर सकती हूँ."

प्रोग्राम नागपूरच्या एका मुलाने लिहून दिला होता. तो पुढे परदेशी निघून गेला, पण त्याने लिहिलेलं सगळं आमच्याच कॉम्प्युटरमध्ये होतं आणि वंदनाला ते वाचता येत होतं. डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस फार चांगला, पण यंत्राची त्यांना भीती वाटायची. म्हणाले, "बेटा, चलती चीज़ को मत छेड़ो."

ती परत आली. मला म्हणाली, "सायब नाही म्हणते." आणि तिने ते ऐकलं. पुढे आयुष्यभर तिला जर कशाने जाळलं असेल तर त्या ऐकण्याने.

त्या वर्षी सुदेशला नागपूरला भरती करावं लागलं. रक्त चढवलं आणि त्याला थंडी वाजून भयंकर त्रास झाला. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वारंवार बाहेरचं रक्त घेऊन त्याच्या शरीरात त्याला विरोध तयार झाला आहे. इथून पुढे याला रक्त द्यायचं तर खास तपासणी करून, नागपुरातच. साध्या जुळणीत हा विरोध दिसेलच असं नाही, रक्त जुळतंय असं वाटेल आणि घात होईल. वंदना परत आली ती बसमधून उतरून थेट दवाखान्यात. डॉक्टरसाहेब पेशंट तपासायला बाहेर आले होते, तर तिने त्यांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर सुदेशचं कार्ड उघडलं आणि ती ओळ सगळ्यांत वर लिहिली: याला इथे रक्त देऊ नये. सेव्ह केली, बंद केली, पुन्हा उघडून बघितली. ओळ जागेवर होती. ती मला दाखवायला घेऊन गेली म्हणून मीही ती बघितली. कार्डावर आहे म्हणजे साहेबांना दिसेलच, असं आम्ही दोघांनीही धरून चाललो.

दोनच आठवड्यांनी, पावसाळा सरल्यावर, तिच्या कॉम्प्युटरच्या पुढच्या कोर्सची परीक्षा होती जबलपूरला. नॅरोगेजच्या छोट्या गाडीने गेली. जाताना सुदेशला गावी आईकडे ठेवलं, बाटली त्याच्या हातात दिली, आणि काय खायचं, काय नाही ते इतकं सांगितलं की तो म्हणाला, "अवं, तू परीक्षेले चालली का सासरी?"

ती तिकडे असताना त्याचं दुखणं उठलं. आईने त्याला शेजाऱ्याच्या गाडीवर बसवून आणलं. पोरगा पांढराफटक झाला होता, छाती भात्यासारखी हलत होती. नागपूरचे कागद घाईत घरीच राहिले. डॉक्टरसाहेबांनी आईला विचारलं, "पहले खून चढ़ाने से कोई तकलीफ़ हुई थी?"

आई घाबरून गेली होती. म्हणाली, "नागपूरले कायतरी सांगतलं होतं साहेब. मले नाही समजलं. वंदनाले मालूम हाय. तिनं तुमच्या मशिनीत लिहून ठेवलं म्हणे."

डॉक्टरसाहेबांनी कार्ड उघडलं. वरून खालपर्यंत वाचलं. तसं काहीच नव्हतं. गावातल्या बाईचा काहीतरी गोंधळ झाला असेल असं त्यांना वाटलं, आणि समोर पोरगा हातातून चालला होता. रक्त जुळवून बघितलं, जुळलं. चढवलं. दोन दिवस तो चांगला हुशारीत होता, बाकावरच्या बायकांना हसवत होता. मग डोळे हळदीसारखे पिवळे झाले, लघवी काळी झाली. नागपूरला न्यायला गाडी काढली ती गोंदियाच्या पुढे जाऊ शकली नाही. त्या ओळीची आठवण माझ्या डोक्यात आली तेव्हा ते रक्त चढून गेलेलं होतं. मी सुट्टी घेऊन घरच्या कामाला गेलो होतो, परत आलो आणि नुसता ऐकत राहिलो.

वंदना जबलपूरहून आली तेव्हा सुदेश घरात जमिनीवर होता. मी तिथे होतो. ती रडली नाही. आईजवळ जाऊन एवढंच विचारलं, "कार्ड पाह्यलं नाही का त्यायनं?"

"पाह्यलं वं," आई म्हणाली. "माह्यासमोर पाह्यलं. त्यात नव्हतं म्हणते."

"मी लिहिलं होतं."

"नव्हतं म्हणते बाई."

"आई, मी लिहिलं होतं. अनिलभाऊ, तुमी पाह्यलं होतं ना? सांगा ना हिले."

मी सांगितलं. पण ती आईकडे नाही, दाराबाहेर बघत होती.

विधी उरकून ती कामावर आली, कोणाशी न बोलता कॉम्प्युटर सुरू करून बसली. दुपारी माझ्या खिडकीशी आली. आवाज इतका खालचा की मला वाकावं लागलं.

"समजलं मले. मी आत लिहिलं तेव्हा भायेरच्या मशिनीवर मावशीनं कायतरी पाहाले उघडलेलं त्याचं कार्ड सकाळपासून तसंच होतं. त्या दिवशीच्या फ्लॉपीवरच्या नकलेत फाइलची वेळ पाह्यली मी. माह्या नंतर, दुपारी घरी जाताना मावशीनं ते बंद केलं. त्यायनं काहीच लिहिलं नव्हतं. नुसतं बंद केलं."

"मग पुसलं कसं?"

"कार्ड उघडलं का हा प्रोग्राम आपल्या मनानं वर आजची तारीख टाकते. माणसानं काही नाही केलं तरी याच्या हिशोबानं कार्ड बदललं. मंग बंद करताना दरखेपी विचारते, बदल सेव्ह करू का? इंग्रजीत. दिवसातून शंभरदा. मावशी डाव्या अंगाचं बटण दाबते. डाव्या अंगाले हौ हाय." तिने बोट माझ्या खिडकीच्या कठड्यावर टेकवलं. "मावशीनं हौ म्हटलं आणि सकाळचं कार्ड माह्या ओळीवर बसलं."

मी म्हणालो, "मावशींना सांगायला पाहिजे."

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "काय सांगू? तुमच्या बोटानं माहा भाऊ गेला म्हणून सांगू? तो प्रश्नच खोटा होता भाऊ. काही बदललंच नव्हतं तं विचारलं काहून? आणि मले हे मालूम होतं. साहेब नको म्हणाले आन् मी ऐकलं. कशाले ऐकलं मी?"

त्यानंतर तिने कोणाची परवानगी मागितली नाही. डॉक्टरसाहेबांनीही तिला अडवलं नाही, त्यांच्याने तिच्या नजरेला नजर देववत नव्हती. पेशंट आले की ती कार्डं लिहायची, पेशंट नसले की प्रोग्राम. जेवण उभ्याने. केस विंचरलेले नसायचे. एकदा चपला उलटसुलट घालून आली आणि दिवसभर तशीच वावरली. मी काही विचारलं तर सांगायची, पण मला सांगते आहे की स्वतःला, ते कळायचं नाही.

आता कार्ड उघडलं की प्रोग्राम त्याची एक नक्कल बाजूला ठेवणार होता. बंद करताना त्या नकलेशी अक्षर न अक्षर ताडून बघणार. काही बदललं नसेल तर विचारायचं नाही आणि लिहायचंही नाही, गप बंद व्हायचं. बदललं असेल तर आधी मूळ जागी जाऊन बघायचं की मी उघडलेलं कार्ड अजून तेच आहे का, की मधल्या वेळात दुसऱ्या कोणी त्यात लिहिलं? लिहिलं असेल तर थांबायचं. दोन्ही कार्डं शेजारी शेजारी दाखवायची, वेगळ्या ओळी लाल. आणि सेव्ह करताना जुन्या कार्डावर कधीच लिहायचं नाही. नवं कार्ड शेजारी पूर्ण लिहून व्हावं, मग जुनं बाजूला सरकावं, पण राहावं. वीज गेली तर फार तर नवं अर्धवट राहील, जुनं शाबूत.

ते खरं उतरतंय का बघायला ती स्वतः सेव्ह करता करता भिंतीतला प्लग उपटायची. पुन्हा लावायची, बघायची, पुन्हा उपटायची. डॉक्टरसाहेब दारातून बघायचे आणि परत आत जायचे.

एका दुपारी पेशंट नव्हते. तिने मला आतल्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि पुष्पामावशींना बाहेरच्या. म्हणाली, "मावशी, आता तुमाले जे वाट्टे ते करा. उलटंसुलटं दाबा. या प्रोग्रामले बुडवून दाखवा."

मावशी घाबरत घाबरत बटणं दाबायला लागल्या. मी आतून एक ओळ लिहायचो, त्या बाहेरून बंद करायच्या. दरवेळी प्रोग्राम थांबायचा आणि हिंदीत लिहून यायचं की हे कार्ड दुसऱ्या जागी बदललं आहे, दोन्ही बघा. मावशींनी पाच-सहा वेळा केलं, मग एकदम हात मांडीवर ठेवले. मी दारापाशी आलो होतो.

"वंदना," त्या म्हणाल्या, "पहिले असं नव्हतं ना? पहिले दोघायनं उघडलं तं पुसून जात होतं का?"

वंदना पडद्याकडे बघत होती. "कधी कधी."

"सुदेशच्या कार्डाचं तसंच झालं का? माह्या हातून तं नाही झालं ना बाई काही?"

बाहेर रस्त्यावर एक ऑटो सारखा हॉर्न वाजवत होता. वंदना खुर्चीवरून उठली, मावशींच्या मागे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. त्यामुळे मावशींना तिचं तोंड दिसलं नाही, मला दिसलं.

"नाही मावशी," ती म्हणाली. "त्या दिवशी लाइट गेलती. करा, अजून एकदा करा."

मावशींनी डोळे पुसले आणि पुन्हा बटण दाबलं.

पण आधी पुसून गेलेल्या ओळींचं काय? त्या कोणत्या, हे सांगायला काहीच नव्हतं. वंदनाने सिकलसेलच्या सगळ्या पेशंटांची कार्डं छापली आणि सुट्टीच्या दिवशी बस धरून गावोगाव निघाली. खैरलांजीकडे एकदा मी तिच्यासोबत गेलो. लोकांच्या ओसरीवर बसून ती त्यांना त्यांचंच कार्ड मोठ्याने वाचून दाखवायची आणि विचारायची, "यात काही राह्यलं का? कोणत्या गोळीनं अंगावर फोड आले? कधी रक्त देताना थंडी वाजली?" लोक म्हणायचे, असेल, आठवत नाही. ती सोडायची नाही. "तुमाले पक्कं मालूम हाय, का वाटून राह्यलं?" एका म्हातारीने शेवटी कंटाळून सांगितलं, "हौ वं माय, तुमच्या डॉक्टरलेच सांगतलं होतं, त्या पिवळ्या गोळीनं माह्या नातीचं तोंड सुजते." कार्डावर ती ओळ नव्हती. वंदनाने ती लिहून घेतली. बसमध्ये परत येताना म्हणाली, "पाह्यलं? अजून किती असतील? मले झोपेतही कार्डंच दिसते भाऊ."

तिच्या नव्या प्रोग्रामने खरोखर एकदा हात धरला. एका गरोदर बाईच्या कार्डावर डॉक्टरसाहेबांनी आत बसून एक इंजेक्शन द्यायचं नाही असं लिहिलं, त्याच वेळी मावशी बाहेर तिच्या गावाचं नाव दुरुस्त करत होत्या. मावशींचा पडदा थांबला, लाल ओळ आली. "वंदना! वंदना, लवकर ये वं!" सगळे धावले. वंदनाने दोन्ही कार्डं वाचली, दोन्ही ओळी ठेवल्या. मावशी आनंदाने रडत होत्या, डॉक्टरसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती त्या हाताखालून निसटली, मागच्या पडवीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. मी गेलो तर नळ वाहत होता आणि ती भिंतीला कपाळ लावून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "एवढंच होतं ना. एवढंच तं होतं."

पुढे डॉक्टरसाहेबांची तब्येत बिघडली, ते मुलाकडे निघून गेले. ट्रस्टमध्ये नवी माणसं आली. त्यांनी नवे कॉम्प्युटर घेतले आणि त्यावर बाहेरून विकत आणलेला तयार प्रोग्राम. दिसायला देखणा, रंगीत, बिलं छापणारा. वंदनाने पहिल्याच दिवशी त्यात दोन्हीकडून कार्ड उघडून बघितलं. मग ट्रस्टच्या समितीची बैठक चालू होती तिथे न विचारता गेली आणि सगळ्यांना हाताने धरून आणल्यासारखं कॉम्प्युटरपुढे उभं केलं. या कॉम्प्युटरवर एक ओळ लिहिली, सेव्ह केली. त्या कॉम्प्युटरवर आधीच उघडं असलेलं कार्ड सेव्ह केलं. ओळ गेली.

"बघा," ती म्हणाली. "गेली. कोणाले समजलं का? काही आवाज आला का?"

समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "मैडम, इतनी जगह चल रहा है. सोच-समझ के ही बनाया होगा. आप लोग ध्यान से काम कीजिए, बस."

"ध्यान से सभी करते हैं सर." मग तिची हिंदी सुटली. "माहा जुना प्रोग्राम राहू द्या. नाहीतर ज्यायनं हा बनवला त्यायले बदलून द्याले सांगा. मी शिकवते त्यायले. फुकट शिकवते. मी हात जोडते सर तुमच्यापुढे."

तिने खरंच हात जोडले. उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर. मी तिला कोणापुढे हात जोडताना त्याआधी बघितलं नव्हतं, सुदेशला भरती करताना नाही, नवरा मुलगा परत पाठवताना नाही. त्या गृहस्थांना अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, विचार करू. विचार करू म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. जुने कॉम्प्युटर त्याच आठवड्यात कोपऱ्यात गेले. वंदनाने महिना संपेपर्यंत काम केलं, नावं दोनदा विचारली, आणि महिना संपल्यावर आली नाही. घरी गेलो तर कुलूप. आईला घेऊन नागपूरला गेली असं शेजारच्यांनी सांगितलं.

पुष्पामावशी त्यानंतर काही वर्षांनी वारल्या.

ती मला शेवटची दिसली गोंदिया स्टेशनवर. मी नागपूरच्या गाडीची वाट बघत होतो. बाकावर एक म्हातारी आडवी झाली होती, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन वंदना तिला वर्तमानपत्राने वारा घालत होती. केस बरेच पांढरे झाले होते. मी समोर उभा राहिलो तर तिने लगेच ओळखलं.

"बसा ना अनिलभाऊ. आईले आणलं होतं गावाले, जमिनीच्या कामानं."

मी विचारलं, सध्या काय करते. म्हणाली, एका कंपनीत प्रोग्राम लिहिते. दुकानांची बिलं करायचे.

"जमतं?"

"जमते. चुकलं तं बेरीज चुकते. कोणी मरत नाही." तिने वर्तमानपत्र दुसऱ्या हातात घेतलं. "मावशी कशा हायत?"

मी सांगितलं. तिचा वारा घालणारा हात थांबला. तिने विचारलं, "त्यायले कोणी सांगतलं तं नाही ना?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत नाही."

तिने डोळे मिटले आणि मान हलवली. आई जागी झाली होती, माझ्याकडे बघून, न ओळखता, हसत होती. तेवढ्यात गाडी आली. गर्दी एकदम उसळली. वंदनाने एका हाताने पिशव्या उचलल्या, दुसऱ्या हाताने आईला काखेत धरलं. मी पिशवी घ्यायला पुढे झालो तर "राहू द्या, होते मले," म्हणाली आणि दारात शिरली. दारात एक धिप्पाड माणूस ट्रंकेवर बसला होता. मला तिची पाठ दिसत होती आणि आवाज ऐकू येत होता, "भैया, ज़रा उठो. बूढ़ी औरत है. उठो ना. मैं बोल रही हूँ ना, उठो." तो उठत नव्हता. ती बोलतच राहिली, सारख्याच आवाजात, न थांबता. गाडी हलली, मी मागच्या डब्याकडे पळालो, आणि दांडी धरून वर चढताना वळून बघितलं तेव्हा ती अजून दारातच उभी होती, आईला छातीशी धरून, त्या माणसाला उठवत.